अळिवाला विचारा

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की कळलावी, कोळकांदा, सफेद मुसळी असली कंदवाली औषधी झाडं रानातून उपटून आणण्यापेक्षा बियांपासून करावीत. त्यावर पत्रं आली, आणि बहुतेकांची चाल एकच: 'ताई, माती कुठली घेऊ?' कोणी कोकोपीटबद्दल, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुश्याबद्दल विचारतंय, कोणी पर्लाइट (फुलवलेल्या दगडाचे हलके पांढरे कण) मागवू का म्हणून विचारतंय. एका गृहस्थांनी तर सात प्रकारची मिश्रणं टक्केवारीसकट लिहून पाठवली आणि खाली लिहिलं, 'यातलं बरोबर असेल त्यावर खूण करून परत पाठवा.' दादा, तुमचा कागद देवरुखच्या आमच्या पडवीत खिळ्याला टांगलाय. खूण अजून कशावरच केलेली नाही. का, ते पुढची उत्तरं वाचताना कळेल.

प्रश्न : दिवाळीच्या सुमारास शाळेमागच्या गडग्यावर कळलावीच्या शेंगा तडकल्या. आतलं लालभडक बी काढून मी आठवड्याच्या आत कोकोपीटच्या ट्रेमध्ये पेरलं आणि रोज पाणी दिलं. आता मार्च उजाडला, एकही बी उगवलेलं नाही. उकरून पाहिलं तर काही बिया बुळबुळीत झाल्यात. कोकोपीट वाईट होतं का? त्यात गांडूळखत घालायला हवं होतं का? – एक शिक्षिका, चिपळूण

बाई, कोकोपीटला बोल लावण्याआधी बियांची चौकशी करा. कळलावीचं बी शेंगेतून निघाल्या निघाल्या उगवत नाही. ते झोपलेलं असतं. वरून तो लाल मऊ थर, आत टणक कवच, आणि घाई कसलीच नाही. त्याच्या दृष्टीने विचार करा. शेंग तडकते दिवाळीत आणि पाऊस येतो जूनमध्ये. नोव्हेंबरात उगवलेलं रोप आपल्या कातळावर मार्चपर्यंतसुद्धा टिकणार नाही. म्हणून ते सहा-आठ महिने कोरडं पडून राहतं. तुम्ही त्याला झोपेतच रोज आंघोळ घातलीत, मग कुजणार नाही तर काय? मातीत काही चुकलं नव्हतं, महिना चुकला होता.

यंदा असं करा. शेंग तडकली की बी कोरड्या वाळूत घेऊन चोळा, लाल थर निघून जाईल. हातमोजे घाला, कारण या वेलाचं मूळ, पान, बी सगळं विषारी आहे. पोरांच्या हाती हे काम देऊ नका. मग सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. मेअखेरीस रात्रभर कोमट पाण्यात भिजत घाला आणि सकाळी पेरा, जेमतेम करंगळीच्या नखाइतकं खोल. पुढेही धीर धरावा लागतो. पहिला कोंब तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतो आणि रेंगाळणारे तीन महिन्यांनीसुद्धा येतात. मी सुरुवातीला एक ट्रे जुलैत कंटाळून शेणकीत उलटा केला होता. ऑगस्टमध्ये शेणकीतून कळलावी वर आली.

आता मातीचा प्रश्न. बी उगवलं नाही की माणूस मातीकडे बोट दाखवतो, कारण माती डोळ्यांसमोर असते. पण प्रश्न दोन असतात: बी जिवंत आणि जागं आहे का, आणि भरण, म्हणजे ट्रेमध्ये भरलेलं माती-वाळूचं मिश्रण, त्याला मारतंय का? दोन्ही एकाच ट्रेमध्ये विचारले तर उत्तर मिळत नाही. म्हणून मी ते वेगवेगळे विचारते.

बियांना विचारायचं ओल्या फडक्यात. कृषी खात्याची माणसं सोयाबीनच्या पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण तपासायला सांगतात ना, तेच. कळलावीचे वीस दाणे पिळलेल्या सुती फडक्यात, ते फडकं डब्यात, डबा उबदार कोपऱ्यात. दर चार दिवसांनी उघडून बघायचं. फडक्यात मूळ फुटलं आणि ट्रेमध्ये नाही, तरच मातीवर संशय घ्यायचा.

आणि मातीला विचारायचं अळिवाकडून. हो, बाळंतिणीच्या लाडवातला तोच अळीव. दोन बशा घ्या. एकीत ओला टिपकागद, दुसरीत तुमचं भरण, ओलं करून मुठीत घट्ट पिळलेलं. दोन्हींवर वीस-वीस दाणे पसरा, वर वाटी उपडी घाला. अळिवाला धीर नसतो, दोन-तीन दिवसांत मूळ सोडतो. मग चष्मा लावून बघा. कागदावरचं मूळ पांढरंशुभ्र असतं, त्यावर बारीक लव असते, बोटाच्या पेराएवढी लांबी. भरणावरचं मूळ तसंच असेल तर भरण निर्दोष. ते आखूड, टोकाशी तपकिरी, वळलेलं असेल तर भरणात क्षार आहेत, नाहीतर खत कच्चं आहे. ज्या मातीत अळीव रडतो, तिच्यात कळलावीचं महिनाभर पुरलेलं बी काय करणार?

ही परीक्षा मी मार खाऊन शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुकानातून कोकोपीटची ५ किलोची वीट आणली. पाण्यात टाकली तर फुगून अख्खं पिंप भरलं, मी खूश. त्यात शतावरी पेरली, कळलावी पेरली, अगदी मिरचीसुद्धा पेरली. मिरची उगवली, पण पानांच्या कडा जळल्यासारख्या. बाकीचं काहीच नाही. मी आधी बियांना शिव्या दिल्या, मग आमच्या विहिरीच्या पाण्याला. पुढे कृषी महाविद्यालयातली एक मुलगी सुट्टीत आली होती, तिने खिशातला ईसी मीटर ट्रेखालच्या पाण्यात बुडवला. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते हे पेनाएवढं यंत्र दाखवतं. तिने आकडा वाचला आणि म्हणाली, "मावशी, हे तर अर्धं समुद्राचं पाणी आहे." जरा वाढवून सांगितलं असेल तिने, पण मुद्दा खरा होता. नारळाची सोडणं खाडीच्या मचूळ पाण्यात कुजवली तर मीठ भुश्यात उतरतं, आणि पोटॅशियम तर सोडणात मुळातच असतं. तेव्हापासून वीट कोणाचीही असो, मी ती गोड्या पाण्यात भिजवते, पिळते, चहासारखं पाणी फेकते, आणि हे तीनदा करते. मग अळीव.

गांडूळखत घालायला हवं होतं का? अजिबात नको. बी शिदोरी बांधूनच येतं. पहिलं पान उघडेपर्यंत त्याला खताची गरज नसते. त्याला हवं असतं फक्त पाणी आणि हवा, दोन्ही एकाच वेळी. भरणाचं काम तेवढंच: पाणी धरायचं, पण कणांमधल्या फटी बुजू द्यायच्या नाहीत.

एका पावसाळ्यात मी पडवीत चार ट्रे मांडले. एकाच वेलाचं बी, प्रत्येकात पन्नास दाणे. एकात नुसती धुतलेली वाळू, दुसऱ्यात धुतलेलं कोकोपीट, तिसऱ्यात दोन्ही निम्मं-निम्मं, आणि चौथ्यात ते जगप्रसिद्ध माती-वाळू-शेणखत समसमान, जे प्रत्येक पुस्तिकेत छापलेलं असतं. वाळू आणि निम्मं-निम्मं हे दोघे बरोबरीने आले. पण वाळूला उघडीप पडली की दिवसातून दोनदा पाणी घालावं लागलं, तिसऱ्या ट्रेला एकदाच. नुसतं कोकोपीट श्रावणातल्या दमट हवेत चिखलासारखं झालं आणि उशिरा उगवलं. आणि चौथ्यात सर्वांत आधी हिरवं दिसलं! मी आठवडाभर कौतुकाने पाणी घातलं. तो माठ निघाला, पालेभाजीचा, शेणखतातून आलेला. मागून खरी कळलावी उगवली, पण बरीचशी रोपं मानेशी पिचून कोलमडली. बुरशी, दुसरं काय.

हे माझ्या पडवीतलं, एकाच पावसाळ्याचं. तुमच्या पडवीत उन्नीस-बीस होईल. पण गंमत पुढच्या वर्षी. दिवाळीनंतर चारही ट्रे उकरले, तर चौथ्यात वाचलेल्या थोड्या रोपांचे कंद बाकीच्यांपेक्षा गुटगुटीत होते. म्हणून आता मी कळलावी गरीब भरणात उगवते आणि दोन पानांवर आली की श्रीमंत मातीत हलवते. फूल दिसायला तरीही तीन-चार वर्षं लागतील, बाई. आज तिसरीत असलेल्या मुलांना ते सहावी-सातवीत गेल्यावर दिसेल.

प्रश्न : गच्चीवर एकच मिश्रण करून निम्मं बी दोन इंची ट्रेमध्ये आणि निम्मं आठ इंची कुंडीत पेरलं. दोन्हींना सारखंच पाणी. ट्रेमधलं कुजलं, कुंडीतलं उगवलं. ट्रेच्या तळाला निचऱ्यासाठी खडीही घातली होती. मिश्रण तेच असताना असं का? – एक निवृत्त अभियंता, पुणे

साहेब, स्वयंपाकघरातला भांडी घासायचा नवा स्पंज घ्या, जाडजूड चौकोनी. पाण्यात पूर्ण बुडवा आणि आडवा तळहातावर धरा. ठिबकून ठिबकून पाणी थांबेल. थांबलं? आता न दाबता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, छिद्रं तीच. बदलली फक्त उंची.

कुंडीत हेच घडतं. जास्तीचं पाणी निथळून गेलं तरी तळाशी एक चिंब थर उरतो. तो पाणी सोडत नाही. हा थर किती जाड, ते भरणाच्या कणांवर ठरतं, कुंडीच्या खोलीवर नाही. आठ इंची कुंडीत तो खाली तळाशी बसतो आणि बी वर कोरड्या हवेत सुखात असतं. दोन इंची ट्रेमध्ये तोच थर जवळपास बियांपर्यंत पोचतो. तुमचं बी बुडून मेलं.

आणि खडी. इथे पुष्कळ लोक माझ्याशी भांडतात. बारीक भरणातलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहजी उतरत नाही, सीमेवरच लोंबकळतं. म्हणजे चिंब थर खडीच्या वर चढून बसला. तुम्ही निचरा वाढवला नाहीत, ट्रे आणखी उथळ केलात. भोकावर एक खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती. बस्स.

उपाय दोन. एक, भरण चाळा. मैद्याच्या चाळणीतून जे खाली पडतं ते फेका, वर रव्यापासून ज्वारीएवढा जो कण उरतो तो वापरा. हल्ली नदीची वाळू मिळणं अवघड झालंय आणि क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी फार असते, त्यामुळे हे चाळणं आणि धुणं जास्तच गरजेचं. आम्ही इथे चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा भुगा वापरतो. तुमच्याकडे जुन्या विटांचा चुरा चालेल. भाताच्या तुसाची काळी राखही छान. काळी म्हणजे कोळसा झालेली, पांढरी नको. पांढरी राख खारट असते. दुसरा उपाय, ट्रेच्या भोकातून सुतळीची वात खाली लोंबत सोडा, वीतभर. अभियंत्याला कारण सांगत बसत नाही. ट्रे जरा उंचावर ठेवा आणि वात ठिबकताना बघा.

प्रश्न : सफेद मुसळीचं बेणं महाग पडतं. झाडाला बी तर भरपूर लागतं. ते गोळा करून आमच्या काळ्या जमिनीत टाकलं तर चालेल का? – एक शेतकरी, चोपडा तालुका, जि. जळगाव

भाऊ, टाकू नका. पेरा, पण जमिनीत नाही.

आधी बियांचं. मुसळीचं बी काळं, बारीक, अगदी कांद्याच्या बियांसारखं. सगळ्या बोंडांना एकदम पिकायची सवय नाही. खालची तडकतात तेव्हा वर फुलं असतात. तेव्हा दोन-तीन दिवसांआड फिरून तोडणी करावी लागते, नाहीतर बी मुंग्यांचं आणि मातीचं. आणि उगवण मुळातच कमी. शंभर टाकून फार थोडी उगवली तर दचकू नका, म्हणूनच तर सगळे मुळ्यांचं बेणं लावतात. बेण्यातही एक मेख आहे: मुळीला वरची खोडाची चकती चिकटलेली असेल तरच ती फुटते. नुसती मुळी कितीही गोबरी असो, ती भाजीवाल्याच्या टोपलीतल्या मुळ्यासारखी पडून राहते. बेणं घेताना चकती बघूनच पैसे द्या.

आता काळी जमीन. कापसाला ती आई आहे, मुसळीच्या बियांना सावत्र. पहिल्या जोराच्या पावसाने वरची माती थापली जाते आणि ऊन पडलं की कडक पापुद्रा धरतो. मुसळीचा कोंब दोऱ्याएवढा, त्याच्यात पापुद्रा फोडायचं बळ नाही. पापुद्र्याखाली आडवा होऊन पिवळा पडतो आणि आपण म्हणतो बी खोटं निघालं. वरून पाणी साचणं वेगळंच. आणि समजा उगवलंच, तरी खोदताना चिकट मातीतून मुळ्या अखंड निघत नाहीत.

एकच गादीवाफा करा, मीटरभर रुंद, वीतभर उंच, लांबी जमेल तेवढी. खाली तुमचीच माती, पण वरची दोन बोटं चाळलेली वाळू आणि वर्षभर कुजलेलं, वास न येणारं शेणखत. तीन भाग वाळूला एक भाग खत, त्याहून जास्त नको. पाऊस लागता लागता ओळीत पेरा. वर पुन्हा मातीचा थर नको, नुसती वाळू भुरभुरा, बी दिसेनासं होईल इतकीच. वाळूला पापुद्रा धरत नाही, सगळी युक्ती एवढीच. पहिले तीन आठवडे वाफ्यावर गवताचं पातळ आच्छादन ठेवा, कोंब दिसले की संध्याकाळच्या वेळी काढा.

बियांच्या रोपांना पहिल्या वर्षी मुळ्या बारीक येतात, त्या विकायच्या नाहीत. त्या तुमच्या दुसऱ्या वर्षाचं बेणं. आणि न विचारलेलं एक सांगते: २००० सालच्या आगेमागे मुसळीची मोठी लाट आली होती, बेणं विकणाऱ्यांचं भलं झालं आणि सुकवलेली मुसळी विकायला गेलेले पुष्कळ जण हात हलवत परत आले. घेणारा कोण ते आधी ठरवा, वाफा नंतर. जाता जाता, या वनस्पतीच्या शास्त्रीय नावात आपल्या मुंबईचं बोरिवली आहे, क्लोरोफायटम बोरिविलियानम. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ साली तिचं वर्णन करून हे नाव दिलं. बोरिवलीत राहणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल देव जाणे.

प्रश्न : आमच्या बागेत पांढऱ्या फुलांचं मोठं क्रायनम आहे, आजी त्याला नागदवणा म्हणते. त्याची हिरवी, सुपारीएवढी गोळ्यासारखी फळं टेबलावर ठेवली होती. महिन्याभराने बघतो तर एकाला चक्क मूळ फुटलेलं. माती नाही, पाणी नाही! – एक विद्यार्थी, वसई

बाळा, तू माझा अर्धा लेख वाचवलास. क्रायनमचं बी मांसल असतं. बाकीच्या बियांसारखं वाळलेलं, कवचातलं नाही. पाणी आणि अन्न दोन्ही त्याच्या अंगातच, म्हणून ते टेबलावरही उगवतं. उगवण्यासाठी माती लागतेच असं नाही, हे याहून सोपं कोणी दाखवून देऊ शकणार नाही. बाकीच्या बियांना पाणी बाहेरून हवं, तेवढ्यासाठी आपण हा सगळा मातीचा खटाटोप करतो.

आता ते बी वाळूवर नुसतं ठेव, पुरू नकोस. मूळ आपण होऊन खाली वळेल. वाळवून पाकिटात जपून ठेवायच्या भानगडीत पडू नकोस, वाळलं की मेलं. मूळ थोडं पुढे वाढून त्याच्या टोकाशी इवलासा कांदा फुगेल, तो बघ आणि वहीत चित्र काढ. खाऊन मात्र बघायचं नाही, हेही विषारीच.

प्रश्न : आमच्या चौथ्या मजल्यावरच्या कळलावीला फुलं भरपूर येतात, शेंग एकही धरत नाही. मग पेरू काय? मातीत काही कमी आहे का? – एक वाचक, नाशिक

माती पुरे झाली हो! फुलाकडे बघा. कळलावीची स्त्रीकेसराची काडी बुडाशी काटकोनात वळून बाजूला गेलेली असते, पुंकेसरांपासून लांब. मधे फुलपाखरू आलं नाही तर पराग तिथवर पोचतच नाहीत, आणि चौथ्या मजल्यावर फुलपाखरं किती येणार? तमिळनाडूत कळलावीची शेती होते, तिच्या बियांतून कोल्चिसीन नावाचं गाऊटवरचं (हा एक प्रकारचा संधिवात) औषध निघतं, आणि तिथली माणसं सकाळी वेलावेलाशी उभी राहून हाताने परागीकरण करतात. कापसाच्या काडीने ताज्या उमललेल्या फुलाचा पिवळा पराग उचला, दुसऱ्या वेलाच्या फुलाच्या त्या वळलेल्या काडीच्या टोकाला लावा. तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे. आमच्याकडे त्याला गौरीचे हात म्हणतात आणि गौरीच्या दिवशी वेलच्या वेल ओरबाडून आणतात. कंद शाबूत राहिला तर वेल पुढच्या वर्षी पुन्हा येतो. निदान मुळासकट तरी उपटू नका.

प्रश्न : मी ब्रिस्बेनला असते. गौरीसाठी इथे कळलावी लावायची आहे, थोडं बी पाठवाल का? – एक वाचक, ऑस्ट्रेलिया

नाही पाठवणार, राग मानू नका. तुमच्या क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर कळलावी वाळूच्या टेकड्यांवर तण म्हणून माजलेली आहे, आणि परवानगीशिवाय टपालाने बी आणणं तिथल्या कायद्यात बसत नाही. आमच्या सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारावर, दुर्मीळ होत चाललेला वेल तुमच्याकडे डोकेदुखी झालाय. गौरीचे हात यंदा कागदाचे करा. माझी धाकटी जाऊ ठाण्यात तेच करते, लाल-पिवळा क्रेप कागद, कडा करंगळीवर गुंडाळून.

प्रश्न : सड्यावरून मे महिन्यात कोळकांद्याचं बी आणून कोकोपीटमध्ये पेरलं. पंधरा-वीस दिवसांत दोऱ्यासारखी हिरवी पानं आली, फार आनंद झाला. नोव्हेंबरात सगळी पिवळी पडली. मी पाणी वाढवलं, तरी गेली. आता ट्रे रिकामा दिसतो. फेकून देऊ? – एक गृहिणी, वाळपई, गोवा

ताई, थांबा, फेकू नका! वर्तमानपत्र पसरा आणि ट्रे त्यावर उलटा करा. चिमटीने हळूहळू उकरा. कुठे तांदळाच्या दाण्याएवढा, कुठे ज्वारीएवढा फिकट कांदा सापडेल. दोन बोटांत अलगद दाबा. टणक लागला तर जिवंत, पिचला तर गेला. तुम्ही पाणी वाढवलंत म्हणून काही गेले असतील, सगळे नाही.

कळलावीच्या उलट, कोळकांद्याचं बी ताजंच पेरायचं असतं. उन्हाळ्यात पान नसताना नुसता दांडा वर येतो, फुलं संध्याकाळी उमलतात, आणि पावसाच्या तोंडावर काळं, चपटं, कागदासारखं बी उडतं. वाऱ्यावर उडून जिथे पडलं तिथे पहिल्या पावसात उगवतं. ते तुम्ही बरोबर केलंत. पुढे जे पिवळं पडणं झालं, ते मरण नव्हतं. आपल्याकडच्या कंदवाल्या झाडांचा हा रिवाजच आहे, चार महिने जागायचं आणि आठ महिने मातीखाली निजायचं. त्या आठ महिन्यांत भरण कोरडं हवं.

आणि इथे मी कोकोपीटवर खरी नाराज आहे. उगवायला ते चांगलं, निजायला वाईट. ओलं असेपर्यंत आठवडेच्या आठवडे ओल धरून बसतं, कोवळा कांदा कुजतो. एकदा खडखडीत वाळलं की आक्रसून ट्रेच्या कडा सोडतं आणि मग वरून पाणी ओतलं तरी आत शिरत नाही, कडेच्या फटीतून पळून जातं. म्हणजे जूनमध्ये जाग यायच्या वेळी कांदा कोरडाच. शिवाय तपकिरी भुश्यात तपकिरी सालीचा ज्वारीएवढा कांदा शोधायचा म्हणजे माझ्या वयाच्या डोळ्यांवर अन्याय. म्हणून कोळकांदा मी पहिल्या दिवसापासून चाळलेला चिऱ्याचा भुगा आणि वाळू यांतच पेरते. तो सड्यावर राहतोच कशात? कातळाच्या खळग्यात साठलेल्या असल्याच भुग्यात. उगवण दोन-चार दिवस मागे पडते, पण ट्रे नोव्हेंबरात जागेवरच वाळू देता येतो, काहीही न उकरता. मी तो पावसाच्या वळचणीपासून दूर सरकवते आणि वर जाळी टाकते, कारण उंदरांना इवले कांदे नाही तरी ट्रे उकरायला आवडतो.

आता सापडलेल्या कांद्यांचं. कोरड्या वाळूत घालून झाकण नसलेल्या डब्यात ठेवा, मेच्या शेवटी पुन्हा पेरा. डब्यावर नाव, साल आणि 'विष' हे मोठ्या अक्षरांत. हे शेवटचं मी हसण्यावारी नेत नाही. मोठा कोळकांदा थेट स्वयंपाकातल्या कांद्यासारखा दिसतो आणि त्यातली द्रव्यं हृदयावर काम करतात. वैद्य त्याचा उपयोग करतात, तुम्ही-आम्ही नाही. कळलावीचा कंद तर रानातलं कणगर समजून खाल्ल्यावर माणसं दगावलेली आहेत.

एका वर्षी बाहेर वळीव आला म्हणून मी घाईघाईने चार मोठे कोळकांदे आत आणले आणि जी टोपली हाती लागली तीत टाकले. संध्याकाळी सासूबाई विळी पुढे घेऊन बसल्या, कांदेपोह्यांची तयारी. एक कापला आणि म्हणाल्या, "अगं, हा कांदा डोळ्यांना लागतच नाही, बोटांना खाज मात्र सुटलीय." मी अंगणातून धावत आले. बोटं तीनदा धुवायला लावली, विळी घासली, पोहे त्या दिवशी बिनकांद्याचे झाले. तेव्हापासून माझे कंदांचे डबे गोठ्यातल्या वरच्या फळीवर असतात, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मला मातीचा हात घेऊन यायला बंदी आहे.